दोघांची सायकल आणि नदीचा उतार

दोघे जण आपापल्या सायकलवरून लांबच्या रपेटीला निघाले की पहिल्याच चढाला त्यांच्यातला फरक उघडा पडतो. ज्याच्या पायांत जोर आहे तो पुढे जातो, वर पोचून झाडाखाली थांबतो, पाणी पितो. दुसरा पाच-सात मिनिटांनी धापा टाकत येतो. तोवर पहिल्याची विश्रांती झालेली असते आणि 'चला, निघू या' म्हणत दोघे लगेच निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज अधिक, त्याच्याच वाट्याला ती येत नाही. दिवसभर हे असेच चालले की संध्याकाळी एकाला वाटते आपण रखडलो आणि दुसऱ्याला वाटते आपण फरफटत आलो. पुढच्या वर्षी दुसरा येत नाही. चाळिशी-पन्नाशीत कितीतरी माणसे सायकल सोडतात, त्यामागे गुडघ्यांइतकाच हा रोजचा अवघडलेपणा असतो असे मला वाटते. टँडेम, म्हणजे दोन सीट, दोन हँडल आणि पेडलांच्या दोन जोड्या असलेली सायकल, हा अवघडलेपणा मुळातूनच काढून टाकते. दोघे एकाच क्षणी निघतात, एकाच क्षणी पोचतात. मात्र ही सोय केवळ यंत्रात नसते. डोंगरातल्या नदीचा उतार, त्या उतारावर कुणीतरी आखलेली वाट आणि परतीची गाडी या तीन गोष्टी जुळल्या तरच टँडेमवरचा दिवस दोन असमान माणसांना सारखा वाटून घेता येतो. आल्प्समधल्या आदिजे नदीच्या वरच्या खोऱ्यात हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसत असेल, म्हणून त्या खोऱ्याच्या आधारे हे मांडतो आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. टँडेमवर पुढे बसणाऱ्याला कॅप्टन म्हणतात आणि मागच्याला स्टोकर. हँडल, ब्रेक आणि गिअर पुढच्याच्या हाती असतात. मागच्याचे हँडल नुसते धरण्यापुरते, ते पुढच्या सीटखालच्या दांड्याला पक्के बसवलेले असते. दोघांच्या पेडलांना डाव्या बाजूने एक वेगळी चेन जोडते, त्यामुळे चारही पाय एकाच लयीत फिरतात. एकाने पाय थांबवले तर दुसऱ्याचेही थांबतात. निघतानाचा प्रकार पाहण्यासारखा असतो. कॅप्टन दोन्ही पाय रोवून, दोन्ही ब्रेक दाबून सायकल खांबासारखी उभी धरतो. स्टोकर मागे चढून बसतो, दोन्ही पाय पेडलांवर ठेवतो आणि पेडल उलटे फिरवून कॅप्टनच्या उजव्या पायाला हवे तिथे आणून देतो. मग 'तयार?' 'तयार' एवढीच देवाणघेवाण होते आणि सायकल हलते. पुढे दिवसभर 'खड्डा', 'गिअर', 'डावीकडे', 'थांबतोय' असे पुकारे चालू राहतात, कारण मागच्याला समोरचा खड्डा दिसत नाही आणि आगाऊ कळले नाही तर तो धक्का थेट पाठीच्या कण्यात बसतो. आपल्याकडच्या डबलसीटशी याची गल्लत करू नये. डबलसीटमध्ये एक जण ओढतो आणि दुसरा कॅरिअरवर नुसता बसलेला असतो. इथे कुणीच ओझे नसते.

या यंत्राचा स्वभाव एकट्याच्या सायकलीपेक्षा वेगळा असतो आणि त्याला कारण आहे ते हवा आणि वजनाचे गणित. दोन माणसे एकामागे एक बसली की ताकद दुप्पट होते, वजनही जवळजवळ दुप्पट होते, पण समोरून येणारा वारा मुख्यतः पुढच्यालाच अडवतो. म्हणून सपाटीवर आणि उतारावर टँडेम पळते. चार टक्क्यांच्या सलग उतारावर ब्रेक न लावता एकट्याची सायकल ताशी 40 ते 45 किलोमीटरच्या आसपास स्थिरावेल, तिथे टँडेम साध्या हिशेबाने 50 ओलांडते. चढावर मात्र वेग इतका कमी असतो की वाऱ्याचा हा फायदा संपतो, दोघांना एकाच वेळी सीटवरून उठून जोर लावणे सरावाशिवाय जमत नाही आणि सायकल दोघांच्या सरासरीने चालते. जोरकस गड्याला ती मंद वाटते. तीव्र उतारावर उलटी अडचण येते. दोन माणसे, सायकल आणि सामान मिळून 160 किलो धरले आणि 1,180 मीटर खाली उतरायचे म्हटले, तर सुमारे साडेअठरा लाख ज्यूल, म्हणजे विजेच्या अर्ध्या युनिटाएवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. उतार बेताचा असेल तर ती हवेत जिरते. उतार उभा असेल तर ब्रेकमध्ये जाते, आणि जुन्या पद्धतीचे रिम ब्रेक सतत दाबून धरले तर रिम इतकी तापते की टायर फुटू शकते. म्हणून जुन्या टँडेमना मागच्या चाकावर वेगळा ड्रम ब्रेक असे आणि आताच्यांना मोठ्या डिस्क बसवतात. या सगळ्याचा अर्थ एवढाच की टँडेमला घाट नको आणि नुसती सपाटीही नको. तिला लांब, सौम्य, एका दिशेने जाणारा उतार हवा. डोंगरात असा उतार फक्त नदी करून ठेवते.

आता खोऱ्याकडे येऊ. इटलीच्या अगदी उत्तरेला, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमांना चिकटून दक्षिण तिरोल हा प्रांत आहे. पहिल्या महायुद्धानंतर तो इटलीकडे आला, पण लोक बहुतांशी जर्मन बोलतात आणि गावांच्या पाट्या दोन्ही भाषांत असतात. रेशेन खिंडीपाशी, सुमारे 1,500 मीटर उंचीवर, आदिजे उगम पावते. जर्मनमध्ये तिलाच एच म्हणतात. इटलीतली ही दुसऱ्या क्रमांकाची लांब नदी, सुमारे 410 किलोमीटर वाहून एड्रियाटिक समुद्राला मिळते. तिच्या वरच्या खोऱ्याला व्हिन्शगाऊ म्हणतात. रेशेनपासून 325 मीटर उंचीवरच्या मेरान शहरापर्यंत नदीकाठची सायकलवाट सुमारे 80 किलोमीटरची आहे. सरासरी काढली तर उतार दीड टक्का भरतो, पण या सरासरीने फसू नये. खोरे पायऱ्यापायऱ्यांचे आहे. बाजूच्या ओहोळांनी हजारो वर्षे दगडमाती आणून पंख्याच्या आकाराचे प्रचंड ढीग मुख्य खोऱ्यात ओतले, नदी प्रत्येक ढिगामागे अडून सपाट पसरली आणि ढिगाच्या पुढच्या कडेवरून खाली कोसळली. सँक्ट व्हालेन्टिन ते ग्लुर्न्स हा माल्सच्या माळाच्या कडेने जाणारा पहिला टप्पा अशीच एक पायरी आहे. साडेपाचशे मीटरहून अधिक उंची तिथे जेमतेम तेराएक किलोमीटरमध्ये उतरते. मग ग्लुर्न्सपासून लासपर्यंत वाट जवळजवळ सपाट, लासच्या खाली पुन्हा एक उतार, श्लान्डर्सपासून पुन्हा संथ, आणि टोल या वस्तीजवळ शेवटची पायरी, जिथे वाट वळसे घेत मेरानच्या सखल भागात उतरते. टँडेमचे दोन चाकांमधले अंतर एकट्याच्या सायकलीच्या पावणेदोनपट असल्याने टोलची वळणे रुंदीवरून, बाहेरून आत अशी घ्यावी लागतात. बाकीचा बहुतेक दिवस, ग्लुर्न्स ते टोल, उतार टक्क्याच्या आतबाहेर राहतो. एवढ्या उतारावर चाकांचे घर्षण गुरुत्वाकर्षणच जवळजवळ फेडते आणि माणसांकडे फक्त हवा कापायचे काम उरते. दोघांपैकी एकाचे पाय साठीचे असले तरी इथे फरक पडत नाही.

ही वाट निसर्गाने दिली असे कुणी म्हणेल तर ते अर्धेच खरे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही हा उतार लोकांच्या लक्षात आलेला होता. रोमन सम्राट क्लॉडियसच्या काळात, इसवी सन 46 च्या सुमारास, आल्प्स ओलांडणारा व्हिया क्लॉडिया ऑगस्टा हा रस्ता याच खोऱ्यातून पुरा झाला, आणि त्याचा एक मैलाचा दगड 1552 मध्ये मेरानजवळच्या राबलान्डला सापडला. बैलगाड्यांना जो चढ झेपतो तोच टँडेमलाही झेपतो. पण खोऱ्याचा तळ त्या काळी दलदलीचा होता. नदीला बांध घालून तिचे पात्र सरळ केले तेव्हा शेती तळापर्यंत आली, आणि आज सायकली धावतात त्या बऱ्याच ठिकाणी त्याच बांधांच्या माथ्यावरून किंवा त्यांच्या लगत. पाण्याची व्यवस्था तर त्याहून जुनी आहे. वरच्या व्हिन्शगाऊत वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या माणदेशासारखा. डोंगरात उंचावर बर्फ असूनही तळ कोरडा. म्हणून ओहोळांचे पाणी उतारांवरून आडवे वळवून शेतांपर्यंत आणणारे पाट शतकांपूर्वी खणले गेले. त्यांना वाल म्हणतात आणि त्यांच्या कडेने देखभालीची पाऊलवाट असते. पाटावर ठिकठिकाणी एक छोटे पाणचक्र बसवलेले असे आणि ते फिरताना त्याचा हातोडा घंटेवर आदळत राही. घंटा थांबली की पाटकऱ्याला कळे, वर कुठेतरी पाणी अडले. खानदेशातल्या फड पद्धतीत पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा जो माणूस, तोच हा. सांगायचा मुद्दा असा की सौम्य उतारावर आखलेली वाट हे या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे सामुदायिक काम आहे. सायकलवाट हा त्यातला अगदी अलीकडचा थर.

सगळ्यांत बोलका पुरावा रेल्वेचा आहे. मेरान ते माल्स हा सुमारे 60 किलोमीटरचा मार्ग 1906 मध्ये सुरू झाला. 1990 मध्ये इटलीच्या राष्ट्रीय रेल्वेने तो तोट्याचा म्हणून बंद केला आणि रूळ गंजत पडले. 1999 मध्ये प्रांताने तो आपल्या ताब्यात घेतला, दुरुस्त केला, नव्या गाड्या आणल्या आणि मे 2005 मध्ये पुन्हा चालू केला. स्टेशनांजवळ सायकली भाड्याने मिळू लागल्या. एका स्टेशनावर घ्यायची, खाली दुसऱ्यावर सोडायची. यामुळे सहलीचे गणितच बदलले. पूर्वी खोरे उतरून आलेल्या माणसाला परत चढून जावे लागे, म्हणजे दिवस पुन्हा जोरकस पायांच्याच हाती जाई. आता गाडीने वर जायचे, माल्सच्या पुढे रेशेनपर्यंत बस आहे, आणि नदीबरोबर खाली यायचे. यात टँडेमची एक खरी अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तिची लांबी अडीच मीटरच्या घरात जाते, ती प्रत्येक डब्यात मावत नाही, हंगामात गर्दी असली की सायकलींवर मर्यादा येतात. मधोमध सुटी होणारी टँडेम मिळते, पण महाग. म्हणून टँडेम सोबत नेण्यापेक्षा आधी चौकशी करून खोऱ्यातच भाड्याने घेणे शहाणपणाचे. या मार्गाच्या विद्युतीकरणाची कामेही निघालेली असल्याने वेळापत्रक पाहूनच बेत आखावा.

कसलेले सायकलवाले यावर म्हणतात की उताराने घरंगळत येणे ही काही सायकलिंगची मर्दुमकी नव्हे. याच खोऱ्यातल्या प्राद गावातून स्टेल्व्हियो खिंडीचा रस्ता फुटतो. 1820 ते 1825 या काळात बांधलेला, 48 वळणांचा, 2,757 मीटरवर जाणारा. जगभरचे सायकलपटू तिथे घाम गाळायला येतात, आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण कष्ट हे सायकलीच्या मोलाचे एकमेव माप मानले की बहुसंख्य माणसे आपोआप बाहेर पडतात. शिवाय खोऱ्यातला दिवस फुकटचा नसतो. दुपारनंतर इथे वारा जोर धरतो. रेशेनच्या तलावावर लोक पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यात खेळायला येतात ते याच वाऱ्यासाठी. तो समोरून आला तर सपाटीही चढासारखी लागते आणि तेव्हा एका माणसाच्या आडोशाने दोघांनी पेडल मारण्याचा फायदा पुरेपूर कळतो. ऐंशी किलोमीटर बसून काढणे हेही पाठीला आणि मनगटांना पुरेसे असते.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. बॅटरीच्या सायकलीने दोघांचा वेग जुळवता येतो, मग टँडेम कशाला? मागे बसून दुसऱ्याची पाठ बघत जायचे, हाती ना हँडल ना ब्रेक, यापेक्षा स्वतंत्र सायकल काय वाईट? ज्यांना स्वतःची सायकल सांभाळता येते आणि तीच हवी आहे, त्यांच्यापुरते हे म्हणणे मला मान्य आहे. त्यांनी बॅटरीची सायकल घ्यावी. पण वेग जुळला तरी बॅटरी तोल सांभाळून देत नाही, रस्ता पाहून देत नाही. ज्याची दृष्टी गेली आहे, ज्याला फिट येतात, ज्याचा हात कापतो, ज्याला रहदारीत हँडल धरायची भीती बसली आहे, त्याला टँडेमखेरीज पर्याय नाही. पॅरालिम्पिकमध्ये दृष्टिहीनांच्या सायकल शर्यती टँडेमवरच होतात, आणि पुढे बसणाऱ्या डोळस खेळाडूलाही पदक मिळते. दोघांचे श्रम एकच आहेत, हे त्या नियमाने मान्य केले आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधले संशोधक जे आल्बर्ट्स हे 2003 मध्ये पार्किन्सन झालेल्या एका महिलेसोबत आयोवा राज्यातून टँडेमवर गेले. प्रवासात तिची लक्षणे सुधारलेली दिसली. पुढे 2009 मध्ये त्यांच्या गटाने दहा रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे बसलेल्या प्रशिक्षकाच्या जलद लयीने आठ आठवडे पेडल मारणाऱ्यांच्या हालचालींत सुमारे 35 टक्के सुधारणा झाली, स्वतःच्या लयीने सायकल चालवणाऱ्यांत ती दिसली नाही. दहा रुग्ण ही फार छोटी संख्या आहे, त्यावरून उपचार ठरवता येत नाही. पण दुसऱ्याच्या लयीला जोडले जाणे म्हणजे नेहमी दुय्यम होणे असे नसते, हे यातून नक्की दिसते.

आणि मागे बसणारा काही पाहत नाही हेही खरे नाही. रस्त्यावर नजर रोवून ठेवावी लागते ती कॅप्टनला. डावीकडचे किल्ले, उजवीकडची हिमशिखरे स्टोकरच्या वाट्याला येतात. नकाशा तोच पाहतो, फोटो तोच काढतो, बोलताना आवाज चढवावा लागत नाही कारण दोघांची डोकी हातभर अंतरावर असतात. ज्याला दिसत नाही त्यालाही या खोऱ्यात पुष्कळ मिळते. बांधाला घासून जाणारी नदी, सफरचंदांच्या बागांतून टकटकत फिरणारे तुषार, सप्टेंबरात पेट्यांत भरलेल्या फळांचा वास, लासमध्ये चाकाखाली येणारी संगमरवरी फरसबंदी. लासचा पांढरा संगमरवर इतका टिकाऊ की दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या थडग्यांवरचे हजारो क्रूस त्याचे घडवले गेले.

पुण्याचे दिव्यांशू गणात्रा यांचे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते असे वाटेल. एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेलेल्या या मानसतज्ज्ञाने 2016 मध्ये मनाली ते खारदुंग ला हा हिमालयातला मार्ग टँडेमवरून पार केला. एकामागून एक उंच खिंडी ओलांडल्या. मग टँडेमला सौम्य खोरेच हवे हा हट्ट का? कारण ती मोहीम होती. तिने दृष्टिहीन माणसाविषयीचे अनेकांचे ग्रह मोडले, आणि तेच तिचे काम होते. रविवारी सकाळी आपल्या आंधळ्या मित्राला किंवा वयस्कर आईला घेऊन निघणाऱ्या माणसाला मात्र मोहीम नको असते. त्याला सुरक्षित वाट हवी, मध्येच थांबता येईल अशी गावे हवीत आणि थकले तर गाडी पकडता यावी. ती सोय धाडसाने मिळत नाही.

या खोऱ्याचे गोडवे गाताना त्याची किंमतही सांगायला हवी. रेशेनचा सुंदर तलाव धरणाचा आहे. 1950 मध्ये विजेसाठी पाणी अडवले गेले तेव्हा ग्राउन गाव आणि रेशेन गावाचा काही भाग बुडाला. 163 घरे पाडली गेली, 523 हेक्टर जमीन पाण्याखाली गेली. चौदाव्या शतकातला चर्चचा मनोरा तेवढा पाण्यातून वर उभा आहे आणि पर्यटक त्याच्यापुढे फोटो काढतात. कोयना आणि पानशेतच्या विस्थापितांना वेगळे सांगायला नको. खाली सफरचंदांच्या एकाच पिकाने तळ व्यापला आहे आणि फवारण्यांवरून वाद आहेत. 2014 मध्ये माल्सच्या रहिवाशांच्या सार्वमतात सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी रासायनिक कीटकनाशकांविरुद्ध कौल दिला, पुढे प्रकरण न्यायालयात गेले. या गोष्टींनी सायकलवाटेचे मोल कमी होत नाही. मात्र संथ गतीने जाणाऱ्याला त्या दिसतात, विचारता येतात. मोटारीतून जाणाऱ्याला मनोरा दिसतो आणि संपतो.

शेवटचा आक्षेप पैशाचा. दक्षिण तिरोल हा इटलीतल्या सर्वांत श्रीमंत प्रांतांपैकी एक आहे, त्यांना परवडते, आपल्याला कुठले? रेल्वेच्या बाबतीत हे मी मान्य करतो. आपल्याकडे सायकल पार्सल म्हणून सामानाच्या डब्यात टाकावी लागते, टँडेमची तर गोष्टच सोडा. पण वाटेच्या बाबतीत नाही. सौम्य उताराच्या वाटा महाराष्ट्रात सार्वजनिक मालकीच्या आहेत आणि त्या आधीच बांधलेल्या आहेत. प्रत्येक मोठ्या कॅनॉलच्या कडेने देखभालीचा रस्ता जातो. खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा आणि नीरेचे दोन्ही कालवे ही डोळ्यांपुढची उदाहरणे. पाणी वाहावे म्हणून आखलेला मार्ग असल्याने चढ जवळजवळ नाही, गावे वाटेत आहेत, सावली पुष्कळ ठिकाणी आहे. कुठे अतिक्रमण आहे, कुठे कचरा, कुठे रस्ताच खचलेला, आणि पाण्याची कड असल्याने कठडेही लागतील. तरीही घाटरस्त्यालगत नवी मार्गिका बांधण्यापेक्षा हे काम कितीतरी स्वस्त आहे.

ते सरकारने करावे तेव्हा करावे. सायकल क्लबांना मात्र थांबायचे कारण नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, जिथे जिथे क्लब आहेत तिथे दरसाल महागड्या सायकली घेतल्या जातात. प्रत्येक क्लबाने वर्गणी काढून एक टँडेम घ्यावी, दोन-चार अनुभवी सभासदांना पुढे बसण्याचा सराव द्यावा आणि रविवारी ती सायकल गावातल्या अंधशाळेच्या दाराशी न्यावी. पहिल्या दिवशी सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर पुरेत. मागच्या सीटची उंची आधी मागच्याला विचारून ठरवा आणि प्रत्येक ब्रेकआधी तोंडाने सांगा.